सुटलं

नेरूळ स्टेशनबाहेर ताडगोळेवाल्या बायका टोपल्या मांडून बसल्या की लोकांना बरं वाटतं. माझं डोकं फिरतं. नवरा दर वर्षी विचारतो, घेऊ का डझनभर, आणि मी दर वर्षी सांगते, तू घे, तू खा, मला दाखवू नकोस. त्याला कारण ठाऊक आहे. तरी विचारतो, कारण त्याला वाटतं, चार वर्षं झाली, आता तरी हिने सोडून द्यावं. काय सोडून द्यायचं? ताडगोळ्याने माझं काही वाकडं केलेलं नाही, एवढी अक्कल मलाही आहे. पण त्याचं पातळ साल नखाने ओढताना बोटांना जो गार चिकटपणा लागतो, तो लागला की मी उलव्याच्या त्या खोलीत जाऊन बसते, आणि मग दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

मार्च म्हणजे सगळ्यांचीच परीक्षा. आमच्या सोसायटीत या दिवसांत लिफ्टमध्येसुद्धा हळू बोलतात. चौथ्या मजल्यावर बारावी, सातव्यावर दहावी, क्लबहाऊसमधला झुंबा बंद, आणि पार्किंगमध्ये क्रिकेट दिसलं तर वॉचमनची खैर नाही. दुपारी खाडीकडून गरम वारा येतो. ओहोटी असली तर त्याला चिखलाचा वास असतो. नवीन राहायला आलेले नाकाला रुमाल लावतात, मेंटेनन्सच्या मीटिंगमध्ये तक्रार करतात, जणू खाडी सोसायटीच्या कमिटीने आणलीय. मी खाडीकाठच्या गावातली. मला त्या वासाने भूक लागते, भाजलेला जवळा आणि तांदळाची भाकरी आठवते.

आमच्या धंद्यातही मार्च परीक्षेचाच. धंदा म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण तो माझ्या सासूबाईंनाही अजून कळलेला नाही. त्या लोकांना सांगतात, आमची सून कॉम्प्युटरबद्दल लिहिते. तेही खोटं नाही. लिनक्स नावाची एक व्यवस्था आहे, फुकट मिळणारी, कुणा एकाच्या मालकीची नसलेली. जगभरातले लोक तिच्यासाठी प्रोग्राम लिहून ठेवतात. ते जसेच्या तसे तुमच्या मशीनवर चालत नाहीत. कुणाला तरी ते घेऊन, जुळवून, बांधून द्यावे लागतात. अशा एकेका गाठोड्याला पॅकेज म्हणायचं. ते बांधताना आत खूप खटके असतात. हे घालायचं की वगळायचं, ते चालू ठेवायचं की बंद. वापरणाऱ्याला हे खटके दिसत नाहीत. कुणी काहीच सांगितलं नाही तर खटका ज्या बाजूला असतो त्याला डिफॉल्ट म्हणतात. आमच्या घरी पाहुण्याला न विचारता दिलेला चहा साखरेचा असतो. उद्यापासून बिनसाखरेचा द्यायचं ठरवलंत तर द्या बापडे, पण कप हातात देताना तेवढं सांगा. सांगायचं काम माझं. या आवृत्तीत कुठल्या पॅकेजचा कुठला खटका फिरला, का फिरला, त्याने कुणाचं काय अडेल आणि ज्याला जुनंच हवं त्याने काय करायचं, हे साध्या मराठीत लिहायचं. ही नोंद कुणी वाचत नाही. ज्याचं अडतं तोच वाचतो, आणि तो मात्र अक्षर न् अक्षर वाचतो.

चार वर्षांपूर्वी मी हे काम रबाळ्याला करत होते. औद्योगिक वसाहतीत, खाली बादल्यांचा कारखाना, वर आम्ही बाराजण. खालचा साचा दर थोड्या वेळाने धपकन बसायचा आणि आमच्या टेबलावरचं पाणी ग्लासात हलायचं. तापलेल्या प्लास्टिकचा वास केसांत घेऊनच मी घरी जायचे. शाळा, वाचनालयं, छोट्या बँका यांच्यासाठी आम्ही लिनक्सचा एक संच बांधायचो. बांधणाऱ्यांचे प्रमुख सबनीस सर. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला नेरूळलाच, उन्हाळ्यात डब्याबरोबर ताकाची बाटली आणणारे. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले होते. मला टायपिस्टची नोंदलेखिका केली ती त्यांनी. एका स्वल्पविरामासाठी अख्खं पान परत पाठवायचे. आणि एक गोष्ट त्यांनी माझ्या डोक्यात अशी बसवली होती की झोपेतही म्हणून दाखवली असती: माणसाच्या बोलण्यावर जाऊ नये, ओळ उघडून बघावी. म्हणजे पॅकेज कसं बांधलं याची जी कृती लिहिलेली असते, ती स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची, मग लिहायचं. मी त्यांना गुरू मानत होते. हा शब्द मी उगाच कुणासाठी वापरत नाही.

डिफॉल्टला मराठीत काय म्हणायचं, यावर आम्ही एक अख्खा पावसाळा घातला होता. कोशात सापडलेला शब्द होता ‘पूर्वनिर्धारित’. बोलून बघा, जीभ दोनदा अडखळते. मी कुंदाला विचारलं, ती डोळ्यांनी नाही, कानांनी वाचते. ती म्हणाली, माझं मशीन ह्या शब्दाला खोकल्यागत बोलतं, दुसरं काहीतरी आन, तुटक नको. मीच मग ‘गृहीत’ सुचवला. तिने तो ऐकून बघितला, म्हणाली, हा सरळ जातो कानात. सरांनाही इतका आवडला की त्यांनी सगळ्या जुन्या नोंदींतून कोशातला शब्द काढून माझा घातला. गृहीत पर्याय. महिनाभर मी हवेत होते.

कुंदा माझी मावसबहीण. नऊ वर्षांची असताना तापात तिचे डोळे गेले. मावशीचं घर उलव्याच्या गावठाणात, तेव्हा एकमजली होतं, आता तीन मजली. चार वर्षांपूर्वी समोरच्या रस्त्याने डोंगर फोडून आणलेल्या दगडांचे डंपर जायचे, आता वरून विमानं जातात, आणि कुंदा आवाजावरून सांगते उतरतंय की चढतंय. एका सहकारी बँकेत ती टेलिफोनवर बसते. घरी तिच्या लॅपटॉपवर आमचाच संच होता. पडद्यावर जे येईल ते तो बोलून दाखवतो. पण कुंदा ऐकते कशी, हे ऐकल्याशिवाय कळायचं नाही. जुनी कॅसेट पुढे पळवली की चिवचिव व्हायची ना, तसा आवाज. त्यातला एक शब्द आपल्याला कळत नाही. ती मात्र तांदूळ निवडता निवडता अख्खं वर्तमानपत्र त्या वेगात ऐकते आणि मध्येच हसते. मावशी म्हणायची, त्या डब्याचं बोलनं तिला एकलीला कलतं, आमाला वाटतं डबा बिघडला.

आणि कुंदाची एक रीत होती. शेजारी कुणी डोळस माणूस येऊन बसलं की ती आवाजाचा वेग कमी करायची. आपल्याला कळावं म्हणून. घरात पाहुणा आला की टीव्ही बारीक करतात, तितक्या सहज. मी गेले की मशीन आपलं सावकाश, बालवाडीच्या बाईंसारखं बोलायला लागायचं. मला ते फार छान वाटायचं. तिला तेवढा वेळ किती कंटाळवाणं होत असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही.

हा जो वेग आहे, तो बोलणाऱ्या पॅकेजमध्ये जात्याच नसतो. त्यासाठी दुसरं एक चिमुकलं पॅकेज जोडावं लागतं. बांधणीच्या कृतीत त्याची एक ओळ असते, तिच्यात एकच शब्द: ‘विथ’ किंवा ‘विदाऊट’. आमच्याकडे ‘विथ’ होतं. त्या बळावर कुंदाने एका दिवाळीला आमच्या ऑफिसला ईमेल लिहिली होती. तिने लिहिलं होतं की तुमचा आवाज मी सगळ्यात वरच्या वेगावर ऐकते, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं वाचून आधी होतं, बाकीच्यांचं नंतर. सरांनी ती छापून आपल्या खुर्चीमागच्या बोर्डावर टाचणीने लावली. कुणी ग्राहक आला की त्याला तिथे उभं करून वाचायला लावायचे, आणि म्हणायचे, ही आमच्या नीताची बहीण बरं का.

तर तो मार्च. नवी आवृत्ती निघायच्या महिनाभर आधी आम्ही कुलूप लावायचो, म्हणजे आता नवं काही घालायचं नाही, आहे ते धड बांधायचं. इतरांचे हात रिकामे व्हायचे तेव्हा माझे चालू व्हायचे. त्या वेळी बांधणीची साधनं नवी आली होती आणि त्यांच्यावर ते वेगाचं चिमुकलं पॅकेज बांधलंच जाईना. भिंतीवरच्या पडद्यावर त्याची ओळ आठवडाभर लाल. मी रोज येता-जाता बघायचे. कुंदाची बँकेतली परीक्षा त्याच महिन्यात होती ना. टेलिफोनवरून उठून क्लार्कच्या टेबलावर जायची परीक्षा, तीनच संधी, आणि ही तिसरी. तिला स्वतःचा लॅपटॉप आणायची परवानगी मिळाली होती. प्रश्नपत्रिका फाईल म्हणून मिळणार, ती ऐकणार आणि टाईप करणार. फक्त बँकेच्या कॉम्प्युटर विभागाची अट होती की मशीनवर सगळ्यात नवी आवृत्ती पाहिजे, नाहीतर आत येऊ देणार नाही.

एका सकाळी गेले तर पडदा सगळा हिरवा. सर ताक पीत उभे होते. मी विचारलं, सर, ते वेगाचं सुटलं का?

“सुटलं,” ते म्हणाले.

मी काय समजायचं? गणित सुटतं, कोडं सुटतं, अडलेलं काम सुटतं. मी समजले, प्रश्न सुटला. आनंदाने जागेवर गेले आणि नोंद लिहायला घेतली. त्या पॅकेजपुढे काय लिहू म्हणून विचारायला पुन्हा उठले, तर मागे न वळता म्हणाले, लिही, वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल नाही. मी लिहिलं. ओळ उघडून बघितली नाही. इतक्या वर्षांत ती एकच ओळ मी बघितली नाही, कारण सांगणारा माणूस तोच होता, ज्याने बघायला शिकवलं होतं. खाली माझं नाव आलं, नेहमीसारखं.

शनिवारी दुपारी मी नवी आवृत्ती घेऊन उलव्याला गेले. वाटेत ताडगोळे घेतले. परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि मला त्याआधी सवड नव्हती. कुलपाच्या महिन्यात मला कधीच सवड नसायची. मावशीने पंखा आमच्याकडे फिरवला, आम्ही दोघी जमिनीवर बसलो, मधे ताटलीत गोळे. मशीन चालू झालं, मराठी बोललं, कुंदाने फाईल उघडून बघितली, टाईप करून बघितलं, सगळं ठीक. मी शेजारी होते. म्हणजे वेग कमी होता. माझ्यासाठी कमी होता! तिने तो वाढवून बघितला नाही, कारण मी बसले होते आणि ती वळणाची मुलगी. उठताना तिने मला विचारलं.

“काय बदललंय का गो, नीताताय?”

“काय नाय,” मी म्हटलं, “नोंद मीच लिवलीय.”

तिने मान हलवली आणि झाकण लावलं. दुसरा गोळा सोलून माझ्या हातावर ठेवला. संध्याकाळी तिने मशीनला हातच लावला नाही, उद्यासाठी चार्ज करून ठेवलं आणि मावशीबरोबर देवीला जाऊन आली. मी काही बदललं नाही म्हटल्यावर कशाला लावेल?

रविवारी दुपारी तिचा फोन आला. रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने सांगितलं की पेपर सुरू झाल्यावर कानाला हेडफोन लावले, वेग वाढवायला गेले, तर आवाज अर्ध्यावर जाऊन थांबला. पुढे जाईना. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच. मशीन तिला उतारे वाचून दाखवत होतं, सावकाश, प्रेमाने, एकेक शब्द सोडवून. बाकीचे भराभर पानं उलटत होते, तो आवाज तिला ऐकू येत होता. शेवटचे दोन प्रश्न तिने ऐकलेसुद्धा नाहीत. घरी येऊन तिने आमची बदलांची नोंद लावली, आणि त्याच सावकाश आवाजात ऐकलं: वापरणाऱ्याला जाणवेल असा बदल नाही. आणि मग माझं नाव.

फोन ठेवायच्या आधी तिने कामाचं सांगितलं. बँकेतला परीक्षेचा माणूस भला होता. त्याने सांगितलं होतं की पंधरा दिवसांत तक्रार द्या, आणि ज्यांनी हे लिहून दिलंय त्यांचं पत्र जोडा की चूक मशीन बनवणाऱ्यांकडची होती. मग पुन्हा बसवता येईल. मी म्हटलं, काळजीच करू नकोस, पत्र मी आणते.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी ओळ उघडली. ‘विदाऊट’. बदलणाऱ्याचं नाव सबनीस. बाजूला कारणाची जागा असते, तिथे त्यांनी लिहिलं होतं: इतक्या वेगात कुणी ऐकत नाही, नोंदीची गरज नाही. मी मान वर केली. त्यांच्या डोक्यामागे बोर्डावर कुंदाची ईमेल होती, चारही कोपऱ्यांना टाचण्या.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला वाटलं होतं, दचकतील. दचकले नाहीत. सुटलं म्हणाला होतात, मी म्हटलं. तर हसले, आणि म्हणाले, मग सुटलंच ना ते, मी खोटं कुठे बोललो? गळून पडलं या अर्थाने सुटलं. बघा कसा शब्द निवडला! दोन अर्थांचा, आणि खोटा तर मुळीच नाही. मराठी मला शिकवणारा माणूस मराठीच्याच आडोशाला उभा राहिला होता. मग त्यांनी सांगितलं की बाहेरच्या एका मोठ्या ग्राहकाची अट होती, दिव्यांगांच्या सोयींत काहीही कमी झालेलं चालणार नाही. ते पॅकेज बांधायला आणखी पंधरा दिवस लागले असते, आणि नोंद केली असती तर ग्राहक गेला असता. मी विचारलं, मला तरी सांगायचं.

“तुला सांगितलं असतं तर तू लिहिलं असतंस,” ते म्हणाले.

चार वर्षं मी हे वाक्य घोळवतेय. माझ्या कामाचं याहून मोठं कौतुक मला कुणी केलेलं नाही, आणि याहून मोठा दगा कुणी दिलेला नाही. माझा खरेपणा त्यांनी ओळखला होता, म्हणूनच मला अंधारात ठेवलं, आणि त्याच खरेपणाचं नाव खोट्या वाक्याखाली वापरलं. मला फसवलं. एवढं साधं वाक्य बोलायला मला किती महिने लागले.

पण पत्राला ते नाही म्हणाले नाहीत. हे लक्षात घ्या. म्हणाले, देऊ या की, बिचारीची संधी आहे, तू मसुदा कर, शब्द नीट जुळवू या. मी मसुदा केला. त्यांनी एक स्वल्पविराम हलवला आणि परत दिला. मी सुधारून नेला. त्यांनी ‘चूक’ शब्दाखाली रेघ मारली, सौम्य काहीतरी बघ म्हणाले. मी ‘त्रुटी’ केलं. असे चार मसुदे. मूर्ख मी, मला त्यात दिलासा वाटत होता, की बघा, सर मनावर घेतायत, नाहीतर स्वल्पविराम कशाला तपासतील? पुढच्या सोमवारी सही करतो म्हणाले. सोमवारी ग्राहक आले होते, तर गुरुवारी म्हणाले. मध्ये होळी आली. होळीला मी दर वर्षी उलव्याला जाते. गावातल्या बायका मिळून होम लावतात, बोंब मारतात, मावशी एकसष्टाव्या वर्षीही फेर धरायची. त्या वर्षी गेले नाही. हातात पत्र नसताना कुठल्या तोंडाने जाणार? गॅलरीतून लांबचे ढोल ऐकत बसले. गुरुवारी सर रजेवर. रविवारी मुदत संपली. पुढच्या सोमवारी ते मला म्हणाले, अरेरे, गेली का मुदत, मग आता पत्राचा काय उपयोग. आवाजात सुटकेचा श्वास होता. तो मी ऐकला. कुंदाच्या सहवासाने माझेही कान थोडे तयार झालेत.

त्याच संध्याकाळी उलव्याला गेले. मावशी ओट्यावर सुकट निवडत होती, तिने मला बघून नुसतं आत बोट दाखवलं. मी कुंदाला सगळं सांगितलं. सुटलंचा अर्थ, विदाऊट, मोठा ग्राहक, चार मसुदे. सरांनी सही केली नाही, माझा इलाज चालला नाही, असं म्हणताना माझ्या डोळ्यांना पाणी आलं. तिने ते ऐकलं असणार. मग तिने विचारलं की नोंदीखाली नाव कोणाचं होतं. मी म्हटलं, माझं.

“मंग तुझी सही चालली असती गो.”

रागाने नाही म्हणाली. चुकलेला हिशोब मास्तरांनी बोट ठेवून दाखवावा, तसं म्हणाली. बँकेच्या माणसाने काय सांगितलं होतं? ज्यांनी हे लिहून दिलंय त्यांचं पत्र. लिहून दिलं होतं मी. पहिल्या दिवशी, पहिल्या तासात, मी एका कागदावर चार ओळी लिहून खाली नाव घातलं असतं तर काम झालं असतं. ते माझ्या डोक्यात आलंच नाही. मला वाटलं, सही म्हणजे सरांचीच. माझं नाव खोटं बोलायला पुरेसं होतं, पण खरं बोलायला मी ते पुरेसं धरलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, थोडी भीतीही होती. चूक माझ्या नावावर कागदोपत्री येईल, नोकरीचं काय होईल, असं कुठेतरी वाटतच होतं. चार मसुद्यांच्या आड मीही लपलेच होते. फसवल्या गेलेल्या माणसाला एक सवय लागते, सगळा दोष दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकायची. माझा थोडा परत आला.

मे महिन्यात मी नोकरी सोडली. जायच्या आधी त्या नोंदीला दुरुस्ती जोडली, कुणाला न विचारता: वेगाचा पर्याय या आवृत्तीत बंद केला आहे, जे आवाजावर वाचतात त्यांच्या कामात याने मोठी अडचण येईल, पूर्वीची नोंद चुकीची होती, ती मी न तपासता लिहिली. खाली नाव. ग्राहक गेला की राहिला, मला माहीत नाही. सबनीस सर मला अजून दिसतात, सेक्टरच्या बागेत, सकाळी फेऱ्या मारताना. हात वर करतात. काय गं नीता, सध्या काय लिहितेस, असं विचारतात, अगदी मायेने. मी सांगते, तेच. आणि खरं सांगू, त्यांचा मायेचा आवाज मला अजून आवडतो, त्याचाच जास्त संताप येतो. वाईट माणसाने फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळी झाले असते. या माणसाने मला जे जे चांगलं येतं ते कपड्यासारखं शिवून दिलं आहे, आणि उसवायचं म्हटलं तर अंगावर काही राहात नाही.

आता मी घरून काम करते, दुसऱ्या एका संचासाठी. जगभर विखुरलेली माणसं, कुणी कुणाला पाहिलेलं नाही. आल्या आल्या मी पहिलं ते वेगाचं पॅकेज लोकांच्या मागे लागून बांधून घेतलं. खटका पुन्हा ‘विथ’. दर मार्चमध्ये मी एकेक ओळ उघडून बघते, बघितली की कागदावर खूण करते, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. नवरा म्हणतो, तुला वेड लागलंय. लागू दे.

कुंदा अजून टेलिफोनवरच आहे. तिची तिसरी संधी ती शेवटची. तिच्यानंतर लागलेल्या दोघी आता क्लार्कच्या टेबलावर आहेत, आणि त्यांना फोन जोडून द्यायचं काम ती करते, नमस्कार, थांबा हं, लावून देते. माझ्याशी ती नीट वागते. भाकरी खायला घालते, माझ्या मुलाच्या पेपरांची चौकशी करते. मी शेजारी बसले तरी आता मशीनचा वेग कमी करत नाही, एवढंच. मी त्या चिवचिवाटात बसून राहते आणि एक अक्षर कळत नाही.

नवा संच पहिल्यांदा बांधून झाला तेव्हा मी तिच्याकडे नोंद घेऊन गेले होते. स्वतः वाचून दाखवली. वेगाचा पर्याय चालू आहे, तपासला आहे, असं दोनदा वाचलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तू लिवलंयस ते खरंच असल,” ती म्हणाली. “पन आमच्यातली एक नाशिकला हाय, ती बी माज्यासारकीच आयकते. आदी तिला घालून बगू दे. तिचं चाललं की मंग मी घालीन. राग नको मानू.”

मी कसला राग मानणार? नाशिकच्या बाईने घालून बघितलं. सगळं मी लिहिलं होतं तसंच निघालं. कुंदाने फोन करून तसं सांगितलं, चांगलं लिहिलंयस म्हणाली. त्याच्या पुढच्या वर्षी मला वाटलं, आता थेट घेईल. तिने आधी नाशिकलाच पाठवलं. यंदाची नोंद काल भर दुपारी पूर्ण झाली, मुलाचा पेपर चालू असताना. एकेक ओळ दोनदा बघितली, खाली माझं नाव घातलं, कुंदाला पाठवायला घेतली. मग तिचं नाव पुसलं, आणि स्वतःहून आधी नाशिकला पाठवली.